मधला श्वास

१

शनिवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. रितिका फाटक ढकलून आली ती थेट चपलांसकट. ही मुलगी आमच्या अंगणात कधी चपला घालून येत नाही. मी काही बोलायच्या आत तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"काकू, माहं गाणं चोरलं."

मोबाईलमध्ये गॉगल लावलेला एक मुलगा लाल गाडीच्या बॉनेटवर बसून हात नाचवत होता. धरमपेठचा मधुसूदन, स्वतःला मॅडी म्हणवतो. शब्द मात्र मी आमच्या मागच्या खोलीतून ऐकलेले होते.

"वीट वीट वाहिली मी, डोक्यावरती ऊन..."

"वीट वीट वाहिली त्यायनं, असं आहे ते," रितिका दात आवळून म्हणाली. "त्यायनं म्हणजे माह्या आजोबानं. यानं उभ्या जन्मात वीट उचलली का? गाडीच्या काचेतून पाहिली असल."

आमच्या गल्लीमागे वस्ती आहे. तिथली अभ्यासिका रितिकाच्या आजोबांनी, रामाजींनी, वस्तीतल्या लोकांना घेऊन स्वतः विटा वाहून बांधली. कितीतरी मुलं तिथे बसून नोकरीला लागली. गेल्या महिन्यात तिला कुलूप लागलं. डागडुजी करायची, असं सांगितलं. मग टेबलं बाहेर आली आणि दुकानांच्या गाळ्यांचा नकाशा आत गेला. कुलूप लावलं ते भाऊंनी. भाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. त्यांचं ऑफिस आमच्या खिडकीसमोर, अभ्यासिकेच्या चौकातच आहे. त्यांना नावानं हाक मारायची या भागात कोणाची छाती नाही. ज्यांच्यापेक्षा ते वयानं लहान आहेत तेही भाऊच म्हणतात.

रितिकानं त्या कुलपावर रॅप लिहिला होता. रविवारी संध्याकाळी, त्याच बंद दारापुढच्या चौकात, ती तो पहिल्यांदा म्हणणार होती. शेवटच्या कडव्यात तिनं भाऊंचं पूर्ण नाव घेतलं होतं.

"मॅडीच्यात ते कडवं आहे का?" मी विचारलं.

"नाही ना! कुलूप गायब, अभ्यासिका गायब. स्वतःचीच आरती ओवाळून राहिला. अन् खाली लोकं काय लिहून राहिले पाहा."

खाली लिहिलं होतं: रितिकाच्या पोस्टरवर याच ओळी आहेत, म्हणजे तीच चोर. या मुलांच्या जगात हे एकच पाप असं आहे ज्याला माफी नाही. दुसऱ्याची ओळ आपली म्हणून म्हणायची, याला ते 'बाईट' म्हणतात. ज्याच्यावर तो ठपका बसला त्याच्या हाती कोणी पुन्हा माईक देत नाही. उद्या ती चौकात उभी राहिली असती तर लोकांनी गाणं ऐकलंच नसतं. भाऊंना कुलूप सांभाळायचीही गरज उरली नसती.

"मॅडीला गाणं मिळालं कुठून?"

रितिकानं तेव्हा कुठे खाली पाहिलं, जीभ चावली आणि चपला काढल्या.

"तेच तर. पोस्टरवर दोनच ओळी आहेत, पुरं गाणं या घराबाहेर गेलंच नव्हतं. मॅडी चोर नाही काकू, तो गिऱ्हाईक आहे. देणारा चोर आहे. अन् तो तुमच्या हातचा चहा पेतो."

२

मुलगा बंगलोरला गेल्यापासून आमची मागची खोली रिकामी होती. आता तिथे भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत आणि ही मंडळी गाणी रेकॉर्ड करतात. गटाचं नाव 'सत्तेचाळीस', नागपूरच्या मे महिन्यातल्या पाऱ्यावरून. मी खोली दिली तेव्हा तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. चपला बाहेर. घरात शिवी नाही. आणि सांजेला दिवा लावल्यापासून आरती होईपर्यंत माझं मौन असतं, तेव्हा मला काही विचारायचं नाही. मौन सुटलं की माझा पहिला शब्द 'शिव', मग बाकी जग. त्यांनी तोवर वाजवायचं ते वाजवावं. शंकरालाही डमरू लागतोच.

शिव्यांवर मुलांनी स्वतःच तोड काढली. शिवी आली की भाजीचं नाव घ्यायचं.

"कोण्या दोडक्यानं केलं हे?" अंकुश कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसला होता. हा मौद्याचा, रोज बसनं येतो. बीट बनवणं, आवाज साफ करणं, सगळं त्याच्याकडे.

"गाणं तुझ्याच मशीनमध्ये होतं ना गा?" मी चहा ठेवत म्हटलं.

"हाव काकू. म्हणून तर सारे माह्याकडेच पाहून राहिले. पण मी काहून देईन? बीट माहा आहे. मॅडीनं तो बी बदलवला, कारल्यानं."

"रितिकाचा आवाज कधी घेतलास?"

"बुधवारी. सोमवारी घेणार होतो, तर मले बसच नाही भेटली. आलो नाही मी सोमवारी. अन् आलो असतो तरी लाईन गेली होती म्हणे इथं. बुधवारी एका दमात झालं. तेच मेघाले देलं व्हिडिओसाठी. बस, आणखी कोणाले नाही."

सोमवारी लाईन गेली होती हे मला चांगलं आठवत होतं. सोमप्रदोष होता. एरवी माझी उदबत्ती असते, पण प्रदोषाला गुग्गुळाचा धूप असतो आणि तो मी घरभर फिरवते. अंधारात, मौनात, धुपाटणं घेऊन मी या खोलीतही आले होते. धुरात दोन सावल्या आणि एक पांढरा उजेड, एवढंच दिसलं. माझं लक्ष निखाऱ्यावर होतं. गोधडीवर पडला असता तर सगळ्यांचाच रॅप झाला असता.

मी उठले तसा अंकुश हळूच म्हणाला, "काकू, मले चुगली नाही करायची. पण गुरुवारी मी बर्डीच्या बसस्टॉपवर उतरलो ना, तवा मेघा ज्यूसच्या दुकानात बसून होती. मॅडीसोबत."

३

मेघानं लपवलं नाही. उलट कॅमेऱ्याची पिशवी आपटून ती माझ्यावरच आली.

"हाव, भेटली मी त्याले. त्यानं फोन केला, व्हिडिओ बनवून दे म्हणे. मी म्हटलं, तुहं गाणं काय आहे आधी सांग. तो सांगेना, नुसता हसे. ज्यूस अर्धा टाकून उठली मी."

"रितिकाला सांगितलं नाहीस?"

"सांगतली असती तर ती म्हणती, गेलीच काहून? अन् खरं सांगू काकू?" तिचा आवाज खाली आला. "जराशी हौस होती. इथं तर आमी गोधड्या शूट करतो."

ही मुलगी खोटं बोलत नव्हती असं मला वाटलं. पण वाटण्यावर न्याय होत नाही.

राहिला सौरव. हा गटाचा मोठा, सगळे त्याला दादा म्हणतात. व्हरायटी चौकाजवळ त्याच्या वडिलांचं पट्टे-पाकिटांचं दुकान आहे, म्हणजे फुटपाथवर एक शेड आणि चार दोऱ्या. दिवसभर तिथे उभा राहतो, संध्याकाळी इथे येतो. रितिकाला माईक कसा धरायचा हे त्यानंच शिकवलं. तो आला तो थकलेला दिसला. पायरीवर बसून त्यानं पाणी मागितलं.

"तू ऐकलं होतंस का रे ते गाणं?"

"मी? कागदावर वाचलं फक्त. ठरवलंच होतं, ऐकीन तर चौकातच ऐकीन." त्यानं भांडं खाली ठेवलं. "काकू, तुमचं ऐकते ती. तिले समजवा ना. हे गाणं सोडून दे म्हणा. दुसरं लिहील. पोरगी हुशार आहे, एका गाण्यानं काय होते?"

"आणि अभ्यासिका?"

तो उठला. "तिचं नाव खराब होऊन राहिलं काकू. मले तिच्या नावाची पडली आहे."

हे तो मनापासून बोलला. म्हणूनच मला ते खुपलं. आपल्या घरी चोरी झाली तर माणूस चोराला शोधतो. चोरीला गेलेली वस्तूच विसरून जा, असं कोण म्हणतं?

पण एवढ्यावर बोट कोणाकडे दाखवणार?

४

दुपारचं जेवण झाल्यावर मी मोबाईल घेऊन देवघरापुढे बसले आणि मॅडीचं गाणं लावलं. पुन्हा लावलं. यजमान आतून म्हणाले, "हे गाणं आहे की भांडण?" मी म्हटलं, "दोन्ही. तुम्ही झोपा."

कानाला काहीतरी अडत होतं. शब्दांत नव्हतं, शब्दांच्या मध्ये होतं. मॅडी म्हणतो, "वीट वीट वाहिली मी, डोक्याव..." आणि शब्द अर्धा असतानाच थांबतो. घशात किंचित अडकतं. मग "...रती ऊन." खाली कोणीतरी वा वा केली होती: काय फ्लो आहे, तो ब्रेक तर कडक! एक शाळकरी मुलगा तसाच अडखळून म्हणून दाखवत होता.

आमच्या सहस्रनाम मंडळात सिंधूताई होत्या. त्यांना दमा. एका ठरावीक नामाच्या मध्येच त्यांना श्वास घ्यावा लागे. त्यांच्याकडून शिकलेल्या सगळ्याजणी, धडधाकट फुफ्फुसांच्या, आजही त्याच नामाच्या मध्ये श्वास घेतात. का, ते कोणालाच माहीत नाही. तोंडून शिकलेल्या गोष्टीबरोबर शिकवणाऱ्याचा श्वासही येतो. कागदावरून शिकलेल्यात तो नसतो.

मी रितिकाला बोलावलं. "तुझं बुधवारचं लाव वं जरा."

तिनं लावलं. त्या ओळीत कुठेच खंड नव्हता. "डोक्यावरती ऊन" सरळ, सुरी फिरवल्यासारखं.

"मग हा तिथे का अडतो?"

तिनं मॅडीचं ऐकलं. भुवया वर गेल्या, मग ती एकदम माझ्याकडे पाहत राहिली.

"काकू... ते तर तुमचं आहे!"

"माझं?"

"सोमवारी लाईन नव्हती, तर मी ब्लूटूथ स्पीकरवर बीट लावून नुसती प्रॅक्टिस करून राहिली होती. तुमी धूप घेऊन आल्या. तो धूर घशात गेला ना! डोक्याव म्हटलं अन् ठसका लागला. पण मी म्हटलं, आता थांबायचं नाही. तशीच रेटली."

मॅडीनं जो ब्रेक कडक म्हणून उचलला, तो माझा गुग्गुळ होता.

"म्हणजे त्याच्याकडे बुधवारचं गाणंच नाही," मी म्हटलं. "त्याच्याकडे सोमवारचं आहे. सोमवारचं कोणी रेकॉर्ड केलं?"

"कोणीच नाही. मशीनच बंद होती."

"उजेड कोणी धरला होता?"

"कोण्यातरी मोबाईलचा टॉर्च होता, माह्या तोंडावर. पोरं येऊन-जाऊन होती. मागचा माणूस काही दिसे नाही, अन् डोळे तर गळून राहिले होते." ती थांबली. "व्हिडिओ काढतानी बी तसाच उजेड लागते, नाही का काकू?"

"लागतो."

"व्हिडिओ तर मेघा काढते," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

मी तिच्या हातावर हात ठेवला. "त्या दिवशी आणखी कुठे ठसका लागला होता? आठव."

तिनं डोळे मिटून ओठ हलवले. शेवटच्या कडव्यापाशी ओठ अडले.

"हाव," ती म्हणाली. "तिथं बी."

शेवटचं कडवं मॅडीनं गाळलं होतं. बाहेरच्या जगात ते कोणी ऐकलेलंच नव्हतं. मी दिव्याची वात सारखी केली आणि तिला सांगितलं, "तिघांनाही बोलाव. दिवेलागणीच्या आत."

५

तिघं गोधड्यांच्या खोलीत सतरंजीवर बसले. मी दाराशी पाटावर. रितिका भिंतीला टेकून उभी.

"मला या गाण्याचं शेवटचं कडवं कळलेलं नाही," मी म्हटलं. "एकेकानं म्हणून दाखवा. पाठ नसेल त्याच्यासाठी कागद आहे."

"काकू, आता हे काय नवीन?" अंकुश कुरकुरला. "मी बीटवाला माणूस. मी म्हटलं तर गाणं आत्महत्या करते."

"म्हण रे वांग्या," मेघा म्हणाली.

त्यानं म्हटलं. बेसूर, पण सरळ:

"जग म्हणते भाऊ तुले, मी नावानं हाक मारते,
चावी दे, नाहीतर तुह्या दारात शाळा भरवते."

मेघानं म्हटलं. तिनं दुसऱ्या ओळीत एक शब्द गाळला, पण श्वास घेतला तो ओळ संपल्यावरच.

मग सौरव. मी कागद पुढे केला. त्यानं तो हातात घेतला आणि पाहिलाही नाही. त्याचे डोळे आपोआप मिटले, मान बीटवर हलायला लागली. दोघांपेक्षा कितीतरी सुंदर म्हटलं त्यानं. अगदी रितिकासारखं.

"जग म्हणते भाऊ तुले, मी नावा..."

घशात किंचित अडकलं.

"...नं हाक मारते."

सौरवनं डोळे उघडले तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि त्याला काय झालं ते कळलं नव्हतं.

"बाळ," मी म्हटलं, "हा श्वास कागदावर नाही. अंकुशला माहीत नाही, मेघाला माहीत नाही, कारण त्यांनी बुधवारचं ऐकलं. मॅडीच्या गाण्यात हे कडवंच नाही, म्हणजे तिथूनही तू तो उचलला नाहीस. हा ठसका फक्त सोमवारी, माझ्या धुपानं लागला. आणि एकदा ऐकून कोणी दुसऱ्याचा श्वास पाठ करत नाही. तू तो टॉर्च धरला नव्हतास. तू व्हिडिओ काढत होतास."

रितिका भिंतीपासून सुटी झाली. "दादा, नाही म्हण."

सौरवनं नाही म्हटलं नाही.

"काढला तवा मनात पाप नव्हतं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "धुरात उभी होती, डोळ्यातून पाणी, अन् थांबे ना. असं गाणं आपल्या क्रूमधून कधी निघालं नव्हतं. दुकान लावताना ऐको, काढताना ऐको. मग मंगळवारी भाऊचा माणूस आला. तुमच्या पोरी आमच्या नावानं गाणं करून राहिल्या म्हणे. बाबाच्या शेडवर हात ठेवून उभा राहिला. नुसता हात. काही बोलला बी नाही आणखी."

"मग मॅडीले देलं?" मेघा म्हणाली.

"त्याले म्हटलं, नाव काढून टाक, कुलूप काढून टाक, तुहं म्हणून टाक. गाणं बदनाम झालं का रितिका सोडून देईल. कोणाचंच काही जाणार नाही. मी चोरलं नाही वं. मी वाचवलं."

"काय वाचवलं?" रितिकाचा आवाज चढला नाही, तेच भयंकर होतं. "माह्या आजोबाच्या डोक्यावरच्या विटा तू त्या बॉनेटवाल्याच्या डोक्यावर ठेवल्या. मले चोर म्हणून राहिले लोकं. भ्यायचं होतं तर मले सांगायचं ना दादा, का मी भ्यालो. मी तुह्या बाबाच्या शेडपुढे येऊन बसली असती."

त्यावर सौरव रडला. मी त्याला पाणी दिलं. दिवेलागणीची वेळ झाली होती, मी उठले. पण जाताजाता सांगितलं ते त्यालाच: "उद्या चौकात यायचं. रडलेलं तोंड धुऊन."

६

रविवारी चौक भरला. गाणं ऐकायला कमी, चोर पाहायला जास्त. मॅडीही आला, लाल गाडी कोपऱ्यावर लावून. आरोप झाला की दोघांनी वर्तुळात समोरासमोर उभं राहायचं, ही त्यांची रीत.

माझी सांज टळणार होती. म्हणून मी घरातली समईच उचलून आणली, अभ्यासिकेच्या बंद दाराशी ठेवली, पेटवली, आणि तिथेच पायरीवर बसले. माझं मौन सुरू झालं.

सौरवनं पहिला माईक घेतला. "गाणं रितिकाचं आहे. मॅडीले मी देलं. भ्यालो म्हणून देलं." एवढंच. वडील गर्दीत होते. ते पुढे येऊन मुलाच्या शेजारी उभे राहिले, आणि भाऊंच्या ऑफिसकडे पाठ केली.

"दोस्तीत कोणी काहीही बोलते," मॅडी हसला. "प्रूफ काय आहे?"

रितिकानं त्याच्या हातात माईक दिला. "विटेची ओळ म्हण."

त्यानं म्हटली. "डोक्याव... रती ऊन."

"मधात काहून थांबला राजा?"

"फ्लो आहे तो. स्टाईल आहे माझी."

"तो प्रेमलताकाकूच्या गुग्गुळाचा ठसका होय," रितिका म्हणाली. "सोमवारी मले लागला होता. तुह्या घशात कसा गेला?"

मोबाईल उंच झाला तो सौरवचा. अंधाऱ्या खोलीतली रितिका, गळणारे डोळे, आणि धुराच्या पडद्यातून धुपाटणं घेऊन फिरणारी एक मी. आधी एक जण हसला, मग चौक हसला. मॅडीनं माईक खाली ठेवला आणि गाडीकडे गेला.

रितिकानं माईक उचलून तोंड उघडलं तोच तो मेला. स्पीकर मेले. समोरच्या दुकानातून घेतलेली वायर कोणीतरी ओढली होती. ऑफिसच्या दारात भाऊंची दोन माणसं हात बांधून उभी होती. बीट गेला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. पाय मागे सरकायला लागले, ते मला पायरीवरून दिसत होतं.

मला बोलता येत नव्हतं. हात मोकळे होते. मी आरतीची टाळी सुरू केली. ठाय लयीतली, एकसारखी. मेघानं माझ्याकडे पाहिलं आणि टाळी धरली. अंकुशनं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला, तोंडानं ढब्बू ढब्बू करत. मग सौरवचे बाबा. मग वस्तीतल्या बाया. मग सगळा चौक.

रितिकानं माईक सौरवच्या हातात दिला आणि रिकाम्या हातांनी उभी राहिली.

"कुलूप तुमचं, दार आमचं, आजोबाच्या घामाचं,
चावी ठेवा खिशात, कुलूप आता नाही कामाचं.
वीट वीट वाहिली त्यायनं, डोक्यावरती ऊन,
तुमी आले रिबीन कापाले, गेले फोटो काढून."

विटेच्या ओळीत ती थांबली नाही. शेवटच्या कडव्यात थांबली नाही. मग तिनं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, सरळ ऑफिसच्या दाराकडे पाहून. आणि मग पोरांनी ते नाव परत म्हटलं, टाळीवर, पुन्हा आणि पुन्हा. ऑफिसच्या दारातली माणसं आत गेली. दार लागलं.

अंधार पडला तरी कोणी उठलं नाही. समईच्या उजेडात पायरीवर दोन मुली पुस्तकं काढून बसल्या होत्या.

मी घरी आले, आरती केली. मौन सुटलं. यजमान प्रसादासाठी हात पुढे करून उभे होते, माझ्या 'शिव'ची वाट पाहत. मी आधी भाऊंच्या ऑफिससमोरची खिडकी उघडली, दोन्ही दारं भिंतीला लागेपर्यंत. आणि पहिला शब्द मोठ्यानं म्हटला.

"शेषराव नत्थूजी!"

समोरचा दिवा विझला. मग मी शिव म्हटलं.